पायऱ्यांच्या पुढचं पान

आई, तुझ्या हदगावच्या शिवणक्लासात बसलेल्या सगळ्या बायांची आणि माझी तक्रार एकच आहे. आमच्या हातात यंत्र देतात, ते चालवायच्या पायऱ्या देतात, पण त्यानं काय काय होऊ शकतं हे कुणी सांगत नाही. तू तेवढी सांगायचीस. पहिल्या दिवशी कुणाला मशीनला हात लावू द्यायची नाहीस. खाटेवर पिशवी, परकर, झबलं, पिको केलेली साडी मांडून ठेवायचीस. मी घाईनं पायडल दाबलं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालीस, "काय शिवायचं तेच ठरलं न्हाई, आन पाय कशाला हालवायलीस?" बाया हसल्या. मला लई राग आला होता.

आता मी लातुरात शिलाई मशीनच्या एका छोट्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिते. सुई अशी लावा, दोरा असा ओवा, बॉबिन अशी भरा. पायऱ्या लागतातच, दोरा चुकला की सगळा गुंता. पण मागच्या आठवड्यात निलंग्याकडच्या एका गावातून बाईचा फोन आला. "ताई, पुस्तकातलं समदं केलं. सरळ शिवण यायली. आता ह्याचं काय करू? घरचे म्हणायलेत, इकून टाक." त्याच मशीनवर साडीला पिको होतो, ब्लाउजला काज होतं, पडद्याला झालर लागते. मी सांगत गेले, ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग हे पुस्तकात का न्हाई घातलं ओ?" तिनं मशीन ठेवलं की विकलं, मला माहीत नाही.

मशीननं काय काय होतं याचं एक पान लिहून मी कारखान्याच्या साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलंही नाही. "मॅडम, हे विक्रीवाल्यांचं काम. भाषणं बाहेर करा, इथं पायऱ्या लिहा." महिला मेळाव्यात माईक हातात आला की मी मंडप दणाणून सोडते. त्या केबिनमध्ये मात्र "हाव साहेब" एवढंच निघालं. असं लिहायचं काम या गावात दुसरीकडं नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. उद्या पुस्तिका त्या पानाशिवाय छापायला जाते आहे.

तू आता या जगात नाहीस, हे पत्र कुठं टाकणार? ते पान माझ्या पर्समध्येच आहे. फाडलं नाही, आणि पुन्हा पुढं करायची हिंमतही झाली नाही. म्हणून तुझ्या बायांना, आणि ज्यांच्या घरात असं मशीन झाकून ठेवलंय त्या सगळ्यांना सांगते: पुस्तिकेच्या मागच्या नंबरवर फोन करा आणि विचारा, ह्याच्यानं अजून काय होतं? फोन मीच उचलते. विचारणारीला उत्तर देऊ नका, असं अजून मला कुणी म्हणालेलं नाही.