भाचीवर बंदूक न उचलल्याबद्दल

दारव्हा, रविवार

पूजनीय भाचेसाहेब चि. अक्षय यांच्या चरणी मामा उकंडा याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (वयानं मी तुझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा आहे. पण शंभर बामन जेवू घातले काय अन् एक भाचा जेवू घातला काय, पुण्य सारखंच, हे आपल्याकडं ठरलेलं आहे. तेव्हा पाया मीच पडणार.) पुण्याची हवा मानवते ना? डबा वेळेवर येतो ना? इकडं सगळे खुशाल. पत्र पाहून दचकू नकोस. तू मला फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि खेळात असं तिन्ही ठिकाणी ब्लॉक केलंस. पोस्टात अजून ती सोय झालेली नाही. तो ब्लॉक काढावा, एवढ्यासाठी हा कागद खराब करतो आहे.

तुझा राग मला समजतो, पण माझी बाजूही ऐक. आमच्या काळी खेळ म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि त्यात पिवळी कॅसेट. चालली नाही की तिला फुंकर मारायची. मोटर रिवाइंडिंगच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण फुंकरीनं बरं होणारं दुसरं यंत्र मी पाहिलं नाही. बदकं मारा, रणगाडे फोडा. तीन जीव गेले की उठा, दुसऱ्याला बसू द्या. हरलेला माणूस त्याच सतरंजीवर शेजारी असायचा, त्यामुळं जिंकल्यावर फार नाचता येत नसे. तू फोनवर शिकवून मला टीममध्ये घेतलंस, त्या नव्या खेळाची चित्रं मात्र झकास, खोटं कायले बोलू? पण शंभर माणसं एका विमानातून उड्या मारतात आणि कोणी कोणाला गाव विचारत नाही, हे काही मला पटेना. दारव्ह्याहून आर्णीला जीपमध्ये बसलं तर अर्ध्या वाटेत नातं निघतं.

म्हणून मी माईक सगळ्यांसाठी उघडा ठेवू लागलो. तू शंभरदा बजावलंस की मामा, टीमपुरताच ठेवा, शत्रू ऐकतात. अरे, मग ऐकू देत ना. त्या उघड्या गप्पांत शिवीगाळ फार, हे खरं (एका पोराकडं मी त्याच्या आईचा नंबर मागितला, तेव्हापासून तो मला काका म्हणतो), पण माणसंही भेटतात. आर्णीच्या कय्युमभाईंनी मला तीन दिवस ओळीनं गोळ्या घातल्या आणि चौथ्या दिवशी आपल्या विहिरीवरची जळालेली मोटर घेऊन दुकानात हजर. चहा घेतला, बिस्किटं घेतली, आणि मी नेमका कुठं लपतो म्हणून सापडतो तेही समजावून सांगितलं.

आता फायनलचं. जिल्ह्याची स्पर्धा, महिनाभर तुझी तयारी. तू आणि तुझे दोन दोस्त आधीच मेलात आणि तिघंही माझ्या कानात ओरडत होता. मैदानात उरलो मी आणि समोरची एक खेळाडू. ती झाडामागं, गोळ्या संपलेल्या, हातात नुसता तवा (त्या खेळात तवाही हत्यारच). माझी बंदूक भरलेली. एक बोट दाबायचं होतं, कबूल. पण सवय जाते कुठं? विचारलं, पोरी, कोणत्या गावची? तर म्हणे, बोरी अरबची, नाव अर्पिता. अक्षय, तुझी आई बोरी अरबला दिलेली. त्या गावचं लेकरू न् लेकरू माझं भाचरू. मी तिला तसं सांगितलं आणि बंदूक खाली ठेवली.

"मामा, बंदूक काहून ठेवली?" तिनं विचारलं.

"भाचीवर उचलत नसते माय," असं म्हणून मी नमस्काराला वाकलो. (वाकायचं बटण त्या दिवशी पहिल्यांदाच वेळेवर सापडलं.) तिनं मला तव्यानं मारलं. मान खालीच होती, तिला फार त्रास पडला नाही.

तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालास, "मामा, ते भाची नव्हती, आयडी होती." आणि त्यानंतर आजतागायत अबोला. आता आयडीला आईबाप नसतात का? पण असो. कप गेला, तुझी महिनाभराची मेहनत गेली, मला त्याचं खरंच वाईट वाटतं. पुन्हा तशी वेळ आली तर मात्र पुन्हा वाकेन, हेही आत्ताच सांगून ठेवतो. तुझ्या दोन्ही दोस्तांचा राग उतरला असेल तर त्यांना आशीर्वाद, नसेल तर राहू दे.

तुझा, तव्याचा मार खाल्लेला,
उकंडामामा

ता. क. : दुसऱ्याच दिवशी अर्पितानं विचारलं, मामा, लागलं तर नाही ना? तू विचारलं नव्हतंस.

ता. क. २ : ती, कय्युमभाई आणि मी अशी नवी टीम झाली आहे. चौथी जागा रिकामी आहे, पण तुझ्यावाचून आमचं काही अडलेलं नाही.

ता. क. ३ : अडलं आहे. तुझी आई दिवाळीत गुडघा शेकायला म्हणून माझ्याकडं आली. गुडघा केव्हाच बरा झाला, तरी ती जात नाही. तू तिला फोनवर "जेवलो, बरा आहे" एवढंच सांगतोस आणि खेळात तासभर बोलतोस. म्हणून रोज संध्याकाळी सहाला ती डाळ निवडायला घेऊन माझ्या फोनपाशी बसायची. पहिल्या दिवशी तू "मेलो, मेलो" ओरडलास तेव्हा तिनं माझा कान पिरगाळला होता. पुढं पुढं म्हणायची, मरू दे, आवाज तर मोकळा आहे. मला टीमबाहेर काढ, दुसरा कोणताही खेळ खेळ, पण माझ्या फोनवर ऐकू येईल असा खेळ. आज आठवा दिवस. फोनचा स्पीकर बिघडला, अशी थाप मी तिला मारली आहे. ती अजून सहाला येऊन बसते आणि विचारते, आज अक्षय कितीदा मेला? मी दोनदा, तीनदा असं काहीही ठोकून देतो. काल चुकून पाचदा म्हणालो. तर डाळीचं ताट बाजूला ठेवून म्हणते, "मंग थकला असन लेकरू."