खाटेपाशी आणलेले फोटो

मी, सुगंधा सीताराम घाडीगावकर, वय वर्षे ६४, राहणार मुलुंड पश्चिम, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर स्वतःच्या मनाने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. चाळीतील माझी राहती खोली व पोस्टातील शिल्लक माझा मुलगा चि. शिवदास यास मिळावी. त्याने खिडकी बुजवून कपाट करू नये. तिच्यातून सकाळी येणारा उजेड हाच माझा स्टुडिओ होता.

२. माझे यजमान कै. सीताराम यांचा कॅमेरा सूनबाई सौ. अनुपमा हिला द्यावा. यजमान लग्नांचे फोटो काढत. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि ते अडीच वर्षे खाटेला खिळले. एके दिवशी म्हणाले, "नळावर काय चाललंय गं? मला इथून काहीच दिसत नाही." मी कॅमेऱ्याला कधी हात लावला नव्हता. तरी गेले आणि नळाखाली भरत असलेल्या कळशीचा फोटो काढून आणला. छापून आल्यावर ते म्हणाले, "हललाय. पण पाणी गार दिसतंय."

मग रोज काही ना काही आणू लागले. शेजारणीच्या दारातल्या चपला, दोरीवरचा ओला पंचा, सुपातले कुळीथ. ते पडूनच शिकवीत, "वस्तू बघू नको, तिच्यावरचा उजेड बघ." लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती, आम्ही एकमेकांशी इतके कधी बोललो नव्हतो.

३. निगेटिव्हचा पत्र्याचा डबाही अनुपमाचाच. यजमानांच्या तेराव्यानंतर माझे धाकटे दीर भाऊराव यांनी "भांड्याकुंड्यांचे फोटो कोण बघतंय?" म्हणत तो भंगारवाल्याला देऊन टाकला. लग्न होऊन चारच महिने झालेली अनुपमा भर उन्हात भांडुपपर्यंत गेली, भंगारवाल्याशी भांडली आणि डबा डोक्यावर घेऊन परतली. मला म्हणाली, "आई, ह्यात तुमचं दोघांचं बोलणं आहे ना."

४. भाऊरावांना काहीही देऊ नये, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. आठ वर्षे मी त्यांच्याशी बोलले नाही. गेल्या रविवारी ते काठी टेकत आले. भिंतीवर सासूबाईंच्या पाटा-वरवंट्याचा फोटो आहे. मधोमध झिजलेला पाटा, कडेला ओल्या खोबऱ्याचा तुकडा. ते त्यापुढे कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "वयनी, आयेचो हात दिसता गो."

फोटोत हात नाही. मी त्यांना बसायला सांगितले आणि चहा टाकला.

सबब तो फोटो चौकटीसह भाऊराव यांस द्यावा. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. त्यांची नजर अधू होत चालली आहे. शिवदासने उद्याच जाऊन, त्यांच्या घरी उजेडाच्या भिंतीवर खिळा स्वतः ठोकावा.

सुगंधाबाईंनी वरील मजकूर आम्हाला वाचून दाखवला व आमच्यादेखत सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही केली.

साक्षीदार:
१. सहदेव धोंडू परब
२. शकु दशरथ कांबळे

सही: सुगंधा सीताराम घाडीगावकर
मुलुंड, दि. २ ऑगस्ट १९८७