घासलेटात बुडवलेला सूर

बाळारामदादा,

माझ्या लेकीच्या, प्राप्तीच्या हळदीत तुला वाजवता यावी, म्हणून तू अमेरिकेच्या बंदरातून आणलेली ती जुनी, पायानं पट्ट्या दाबून सूर बदलायची गिटार मी उघडली. उरणच्या खाऱ्या हवेनं खालच्या सळ्या गंजल्या होत्या. सळ्या, स्क्रू सगळं सोडवून घासलेटात बुडवलं आणि चकचकीत केलं. पट्टी दाबली की तार किती ताणायची, ते त्या स्क्रूंवरच होतं. कुठला किती फिरवलेला, याची खूण करायचं मला सुचलंच नाही.

काल बोटीवरून तुझा फोन आला. मी ओरडून बोलत होतो, तरी तू तीनदा "काय?" विचारलंस. मग म्हणालास, "इंजिनरूमनं कान खाल्ले रे हसुराम. पण गिटारीची काळजी नाय. कान शाबूत होते तवाच सूर लावून ठेवलाय. तू फक्त हात लावू नको."

मी "बरं" म्हणालो.

सूर परत लावून घ्यायला बोलावलेले ऑर्केस्ट्रावाले दोघं येऊन गेले. अशी गिटार त्यांनी पाहिलीच नव्हती.

हे पत्र पाठवायची हिंमत नाही, गिटारीच्या पेटीतच ठेवतोय. हळदीला तू वाजवशील आणि बरोबर लागलं का, ते कळायला माझ्या तोंडाकडे बघशील. तेव्हा मी कुठं बघू?

तुझा धाकटा,
हसुराम