भुऱ्याचा फोटो, उघडीप मिळाली तर

१९ ऑगस्ट
डोंबिवलीची दोन्ही बुकिंग रद्द. वर पाऊस, खाली कमरेएवढं गवत, गवतात गोचिडी. कुत्र्यांचे फोटो काढणाऱ्याने पावसाळ्यात काय करावं, कोणी सांगत नाही. लग्नांचे फोटो सोडून यात पडलो तेव्हा सु. म्हणालेली, "नवरदेव निदान छत्रीखाली उभा तरी राहतो." बायको असली तरी बोलली खरं.
संध्याकाळी ठाण्याहून, बाळकुमच्या काकींचा फोन. "आमच्या भुऱ्याचा फोटू कवा?" म्हटलं, उघडीप मिळू दे. नव्या टॉवरांच्या मागे खाडीकडे त्यांच्या जमिनीचा तुकडा उरलाय. तिथेच हवाय, उन्हात.

२४ ऑगस्ट
बाळकुमला जागा बघितली. चिखल.
भुऱ्या दारात आडवा. गावठी, थकलेला. शेपटी एकदा आपटली, बस्स. श्वास ऐकला. शेवटाला खुळखुळ, बाटलीत तळाला पाणी राहिल्यासारखी. मांडवाच्या गोंगाटात भटजींचं 'सावधान' अचूक पकडणारे कान आहेत, इथे चुकणार नाहीत. कल्याणच्या एका लॅब्रॅडॉरची छाती अशीच वाजायची. तो पुढे...
म्हटलं, "काकी, इथेच दारात काढू या का? उजेड छान आहे."
"आजारी जीवाचा फोटू काढाचा नाय, बाला. तुझ्या काकाचा दवाखान्यात काढला पोरांनी. त्यालाच हार लागला, बघ."
बघितला. नाकातली नळी कोणीतरी पुसून टाकलीय. गालावरची चिकटपट्टी राहिली.
"डॉक्टर काय म्हणतात?"
"म्हातारपणाला गोली नाय म्हनतो. त्याला काय कलतंय! बरा झाला की उन्हात उभा करतंय याला. मंग काढ."

३० ऑगस्ट
मोबाईलवर आठवडाभर ढग. सु. म्हणते, लांबची लेन्स लावा, गुपचूप काढून ठेवा, नंतर द्या. धंद्याच्या हिशोबाने बरोबर. पण 'नंतर' कुठल्या तोंडाने देऊ?
बाकी गिऱ्हाइकांना सरळ नोव्हेंबर सांगतोय. फटाक्यांचा आठवडा सोडून, कोवळं ऊन, सुकलेलं गवत. काकींनाही सवयीने तेच सांगणार होतो. जीभ आवरली.

६ सप्टेंबर
शीळफाट्याच्या पुढे माळावर हस्की, बर्फाळ देशातलं कुत्रं. मालक म्हणतो, "दादा, मागे बर्फ दिसेल ना?" म्हटलं, दिसेल, आधी याच्या अंगावरचा चिखल उतरव. इतक्यात सर आली. गुंडाळलं.
येताना बाळकुम. भुऱ्याने सुकटीचे दोन घास खाल्लेले. काकी खूश. "बघ, बरा होतोय!"
खुळखुळ वाढलीय. यांना ऐकू कशी येत नाही, म्हणून बघत बसलो. तो धापा टाकायला लागला की काकी टीव्हीचा आवाज वाढवतात. मालिकेतली सून ओरडतेय, आम्ही तिघं ऐकतोय.

११ सप्टेंबर
ऊन पडलं. कडक, स्वच्छ. सकाळीच पोचलो. तुकडा वाळलेला, मागे खाडी चमकत होती. असा उजेड या सीझनमध्ये मागून मिळत नाही.
काकींनी भुऱ्याला ओल्या फडक्याने पुसून नवा पट्टा घातलेला. स्वतः काठापदराचं लुगडं नेसून तयार.
"ऊठ रं. फोटूवाला आलाय."
पुढचे पाय टेकवले. मागचे आलेच नाहीत. परत पसरला. काकींनी पोटाखाली हात घालून बघितला, मग काढून घेतला.
"सकालधरनं जेवला नाय ना, म्हनून."
"हो."
बॅगची चेन मी उघडलीच नव्हती. त्यांनी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"उद्या ऊन हाय का रं?"
मोबाईल बघितला. अख्खा आठवडा सूर्य, एक ढग नाही.
"उद्या पाऊस दाखवतोय, काकी. परवाही."
चेहरा एकदम सैल झाला. "मंग राहू दे. भिजायला नको त्याला." आत गेल्या, टीव्ही लावला.
घरी येईपर्यंत शर्ट घामाने चिंब. सु.ला म्हटलं, झालं नाही.
परवा संपल्यावर काकी परत विचारतील. तेव्हाही ऊनच आहे.