कडुनिंबाखालची खोली

प्रताप नगर, नागपूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस, वसंताचे सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारचे डोकावतात, म्हणून पुन्हा पत्रच बरं. बातमी मोठी आहे. घरामागच्या कडुनिंबाखाली आम्ही एक खोली बांधतो आहोत. ऋषी म्हणाला, नूपुरले घरून काम करायले शांत जागा पाहिजे, अन् बाबा, नकाशा तुम्हीच काढा. पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्यापासून असं मला कोणी म्हणालंच नव्हतं. सुनेसमोर तोंड फिरवून डोळे पुसले, तुला म्हणून सांगतो.

माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली काढला आहे. तीन बाजूंनी खिडक्या, पुढे बसायला ओटा, आणि पावसाचं पाणी झाडाच्या मुळाशी जाईल असा उतार. मंजुरी येईपर्यंत एकही वीट लावायची नाही, हे मी पोराला ठणकावलं आहे. नकाशाची प्रत तुला पाठवीन. लहानपणी टेपचं दुसरं टोक तूच धरायचीस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तो वाढता ठेव.
तुझा वसंता


खापा
२० नोव्हेंबर २०२४

चि. वसंतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हे आणि मी दोघंही हसलो. आमच्या गोठ्याचा नकाशा तू काढलास तेव्हा म्हशीला मान वळवता येत नव्हती, हे नूपुरला आधीच सांगून ठेवते. बाकी तुझा हात चांगला, त्यात शंका नाही. पाया खणताना कडुनिंबाची मुळं तेवढी सांभाळ.

एक विचारू? भाऊबीजेला ओवाळून झालं, चहा झाला, आणि तू पुन्हा पाटावर येऊन बसलास. मला वाटलं थट्टा करतो आहेस, म्हणून मीही पुन्हा ओवाळलं. थट्टाच होती ना? उत्तरात तेवढं लिही.

प्रकृतीला जप. ताईवर माया असू दे.
तुझी ताई


प्रताप नगर
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

महानगरपालिकेतून माझा नकाशा परत आला. मागच्या मोकळ्या जागेत राहती खोली चालत नाही म्हणतात. ते ठीक, नियम नियम आहे. ऋषीचा मित्र मोहित आर्किटेक्ट आहे, त्याने कागदावर 'सामानाची खोली' असं नाव घालून ते निस्तरलं. पण जागा पाहायला आलेला माणूस माझ्या तोंडावर म्हणाला, काका, हा नकाशा इथला नाही. इतकी धरणं, इतके कालवे काढले मी, असं कोणी म्हणायची हिंमत केली नव्हती!

आता मोहितने काँप्युटरवर नवा काढला. त्यात आत संडास आला आहे, खिडक्यांना जाड गज आले आहेत, आणि नूपुरच्या टेबलाला मात्र कुठे जागा नाही. दाराला कडी बाहेरून आहे, आतून नाही. परवा नूपुर माझा पलंग मोजत होती. काहून वं, विचारलं तर म्हणाली, चादर आणायची आहे. मी खोलीत शिरलो की दोघांचं बोलणं थांबतं. ताई, मला या घरात भीती वाटायला लागली आहे.

माझा मूळ नकाशा सोबत जोडला आहे. काय चुकलं ते तूच पाहून सांग.

लोभ असाच राहो.
वसंता


खापा
२२ जानेवारी २०२५

चि. वसंतास आशीर्वाद.

घर तुझ्या नावावर आहे. मी येईपर्यंत कुठेही सही करू नकोस. ऑफिसला कोणी बाहेरून कडी लावतं का? ऋषीलाही आज वेगळं पत्र टाकते आहे, आणि त्यात काही राखून ठेवलेलं नाही.

पण वसंता, तुझा नकाशा मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. अक्षर तेच, मोत्यांसारखं. मागच्या बाजूला पायऱ्या काढल्या आहेस, पायऱ्यांच्या खाली नदी. एका बाजूला शाळेची भिंत. हे आपलं इथलं घर आहे रे, खाप्याचं, जे केव्हाच पडलं. प्रताप नगरात कन्हान नदी कुठून आली? क्षणभर बरं वाटलं, आणि मग यांना हाक मारून मी तो दाखवला. आणि त्यातही 'कडी बाहेरून' असं तुझ्याच हातचं लिहिलेलं आहे. कोणी लिहायला लावलं ते खरं सांग.

जपून राहा. माया करणारी,
ताई


प्रताप नगर
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंना, ऋषीचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही लिहिलेलं फार लागलं, पण तुमच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं. खोली बाबांसाठीच आहे. सप्टेंबरात त्यांनी दुपारी गॅस सुरू केला, पेटवला नाही, आणि झाडाला पाणी घालायला निघून गेले. माझी चिन्मयी आत झोपली होती. नूपुर वेळेत आली म्हणून पोर वाचली. डिसेंबरात ते सावनेरच्या बसस्टँडवर सापडले. खाप्याची गाडी विचारत होते, ताई वाट पाहून राहिली म्हणत होते. डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढतच जाईल. नकाशा काढताना ते खुश राहतील म्हणून ऑफिस सांगितलं. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

कडी मात्र आम्ही सांगितली नव्हती, मोहितने ती बाबांच्याच नकाशावरून घेतली. त्यांनी काढलेली पाहून मी विचारलं, बाबा, बाहेरून काहून? ते म्हणाले, आत कोण राहणार ते मले समजते गा, घरात लहान पोरगी आहे, बाहेरूनच पाहिजे. आणि पेन्सिलीला टोक करत बसले. मी अंगणात जाऊन रडलो. दुसऱ्या दिवशी खोली कोणाची म्हणून विचारलं, तर म्हणाले, नूपुरचं ऑफिस.

मंजुरी आली आहे. कडी लावू की नको, तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.
ऋषी


खापा
११ फेब्रुवारी २०२५

चि. ऋषीस आशीर्वाद.

मागचं पत्र रागात लिहिलं, ते फाडून टाक. शुद्धीवर असताना त्यानेच काढली आहे, तर लाव. पण दिवसा उघडी ठेव. एवढं माझं ऐक.

नूपुरला आणि पोरीला आशीर्वाद.
आत्या


१८ एप्रिल

ती. ताईस, वसंताचे सा. न. वि. वि.

मला एका नव्या कामावर बोलावलं आहे. गाव कोणतं ते विचारायचं राहिलं. झाडाखाली एक खोली आहे, ती तपासून द्यायची. काम चोख आहे. तीन बाजूंनी हवा येते, पाण्याचा उतार अगदी माझ्या मनासारखा काढला आहे.

एकच मोठी चूक झाली आहे. दाराला आतून कडीच नाही, बाहेरून आहे. ज्या ड्राफ्ट्समनने हा नकाशा काढला त्याची आणि माझी एकदा गाठ घालून दे, चांगला खडसावतो. आत माणूस राहणार, एवढंही त्याच्या डोक्यात आलं नाही! कोणाचा तरी बाप आत बसला असता म्हणजे?

बाहेर लख्ख ऊन आहे. घरात भांड्यांचा आवाज येतो. मी मघापासून दार वाजवतो आहे, पण इथल्या लोकांना ऐकू येत नसावं. मला नदीवर जायचं आहे. तू पायऱ्यांवर थांबली असशील.

लोभ तर आहेच. येशील तेव्हा आधी कडी काढ.
तुझा वसंता