नऊ बाय दहाची खोली

प्रिय रवी,

नऊ बाय दहाच्या खोलीत सहा बाय साडेसहाचा पलंग, तीन दारी कपाट आणि ड्रेसिंग टेबल ठेवल्यावर मी उभं कुठे राहायचं? खूप विचार केला, मला उत्तर सापडलेलं नाही. तुलाही सापडणार नाही, कारण तुला हा प्रश्न पडलाच नाही.

साखरपुड्यानंतर आठवड्याने तुझ्या आईंनी पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमधल्या आपल्या खोलीचे फोटो पाठवले, मापं पाठवली आणि लिहिलं, 'आमचं काहीच मागणं नाही. खोली मुलीची, तिनेच आपल्या आवडीने सजवावी.' त्याखाली माझी आवडही त्यांनीच लिहून दिली होती. पलंग बॉक्सचा, डोक्याकडची फळी पांढऱ्या रेक्झिनची, बटणं ठोकलेली. भिंतीला हंसांच्या जोडीचा वॉलपेपर. छताला निळ्या लाइटची पट्टी. आपली आवड इतकी भारी आहे हे मला आधी माहीत नव्हतं. निळ्या उजेडात, हंसांच्या देखरेखीखाली झोपायचं. म्हणजे संसार करायचा की मत्स्यालयात राहायचं, तेवढं त्यांनी लिहिलं नव्हतं.

तुला फोन केला तर तू हसलास. 'अगं, आपण मागतोय कुठे? वापरणार तूच ना? राणीसारखी राहा.' पुस्तकांसाठी एक टेबल हवं म्हटलं, तर म्हणालास, 'पुस्तकं माळ्यावर टाकू. लग्नानंतर एवढं वाचणार कधी?' कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत हुंड्यावर बोलताना तू टेबलावर मूठ आपटली होतीस. तुला पहिलं बक्षीस मिळालं, मला दुसरं, आणि मी तुझ्या भाषणाच्या प्रेमात पडले. आता कळतं, मूठ आपटायला टेबलसुद्धा कॉलेजचंच होतं.

पप्पा मात्र खूश होते. घरात पहिली पदवी माझी, त्यामुळे कंपनीत सगळ्यांना सांगत फिरायचे, 'आमची पायल ग्रॅज्युएट हाय. तिच्या खोलीत काय कमी पडाया नको.' रविवारी त्यांनी आमच्या सिडकोतल्या घरात, बाहेरच्या खोलीत, खडूने तुझी खोली आखली. दोन्ही खोल्या मापाने सारख्याच निघाल्या. त्या जागेत आम्ही चौघं झोपतो, जेवतो, पाहुणे बसवतो. पलंगाच्या जागी आईने गोधडी अंथरली, कपाटाच्या आणि ड्रेसिंग टेबलाच्या जागी पप्पांनी वर्तमानपत्रं. मग ते दाराच्या खुणेपाशी गेले आणि दार उघडल्यासारखा हात फिरवला. हात वर्तमानपत्रावर आला. पुन्हा फिरवला. 'पायल, दार नाय उघडायचं गं,' म्हणाले. मला वाटलं, आता तरी म्हणतील, पलंग लहान घेऊ. ते उकिडवे बसले, दाराची खूण बोटाने पुसली आणि म्हणाले, 'दारच बदलून देऊ. सरकतं बसवू. त्यांना विचारून घे, चालंल का.'

तुझ्या घराचं दार, रवी, माझ्या बापाने बदलून द्यायचं आणि त्यासाठी परवानगीही आम्हीच मागायची. तुझ्या आईंचा मला तेवढा राग नाही. त्यांनी निदान काय हवं ते लिहून कळवलं. तू न मागता घेणार होतास, आणि पुढच्या कुठल्यातरी स्टेजवर पुन्हा मूठ आपटणार होतास. तुला वाईट म्हणायलाही जीवावर येतं; वाईट माणसाला स्वतःचं काहीतरी मत लागतं.

मला हे लग्नच नको, असं सांगितल्यावर पप्पांनी खडूच्या सगळ्या रेघा ओल्या फडक्याने पुसून काढल्या. साखरपुड्याची अंगठी आणि साडी आज सकाळी पप्पा आणि मी तुमच्या घरी देऊन आलो. तू ऑफिसला गेला होतास. 'अहो, पण आम्ही मागितलं काय?' असं तुझ्या आई विचारत राहिल्या. पप्पा चपला घालताना एवढंच म्हणाले, 'ताई, ते दार उघडत नव्हतं.' तुझ्या आईंना काही कळलं नाही. संध्याकाळी त्या तुला विचारतील, तेव्हा तुला सांगता यावं म्हणून हे पत्र. दुकानात पलंग सांगून ठेवला होता, तो नको असं मी सांगून आले आणि साधं लिहायचं टेबल घेतलं. खिडकीखाली बरोबर बसलं आहे. त्यावरच लिहिते आहे. आमचं दार भिंतीला टेकेपर्यंत उघडतं.

'तुझीच' लिहायची सवय मोडलेली,
पायल