सातव्या टोपलीसमोरचं झाड

मी, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारी आणि खाली सही करणारी बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दल आमच्या डॉक्टरांनी दाखला दिला आहे. धाकट्या भावाला तो मान्य नाही, पण त्याला विचारलंय कोणी? याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं, तर तो थापा मारतो आहे असं समजावं.

१. दुकान, वरच्या दोन खोल्या, बँकेतली शिल्लक आणि सगळी हत्यारं माझ्या मुलीला. वाकड्या चाकाचा आउट काढायचा स्टँड तिने कोणालाही उसना देऊ नये, मामाला तर मुळीच नाही. "आई, मला दुकान दे, मागचा चकती खेळायचा उतार नको. मी चकती फेकली की ती माझ्याच डोक्यावर पडते," असं तिने मला स्पष्ट सांगितलं आहे.

२. खरा प्रश्न दुकानामागच्या उताराचा. वडिलांनी तो माझ्या नावावर केला तेव्हा सगळी वस्ती तिथे राडारोडा टाकत असे. मी आणि शेजारचे पोस्टमन, आता निवृत्त, यांनी तो उपसला आणि चकतीचं मैदान केलं. प्लास्टिकची चकती फेकत फेकत खांबावरच्या लोखंडी टोपलीत घालायची, कमी फेकींत पोचेल तो जिंकला, एवढाच खेळ. टोपल्यांवर लटकतात त्या माझ्याच दुकानातल्या सायकलींच्या जुन्या चेन. चकती त्यांच्यावर आदळली की जो खणखणाट होतो, तो ऐकून मला आजही लहान पोरीसारखा आनंद होतो. असलं काही मृत्युपत्रात लिहायचं नसतं, असं वकीलबाई म्हणाल्या. मी लिहिणार.

उतार ज्याला मिळेल त्याने झाडांना खिळे ठोकू द्यायचे नाहीत. झुडपात चकती आणायला जो शिरेल, त्याने सोबत काहीतरी कचरा आणलाच पाहिजे. (पोस्टमन एकदा अख्खा कमोड घेऊन बाहेर आले आणि वर डावही जिंकले.) दर मोसमाला टोपल्या माहेरी पाठवायच्या, म्हणजे उचलून बाजूच्या जागी रोवायच्या. तुडवलेलं गवत पुन्हा उगवेपर्यंत टोपली सासरी आणायची नाही, मग कितीही मोठी स्पर्धा असो.

३. सातव्या टोपलीसमोरचं झाड. स्पर्धेच्या शेवटच्या फेकीला भावाची चकती याच झाडावर आपटून ओढ्यात गेली आणि पोस्टमन जिंकले. तेव्हापासून झाड तोडायचा त्याने धोशा लावला होता.

"ताई, हे मैदान आहे की जंगल?"

"दोन्ही."

मागच्या उन्हाळ्यात मी वैतागून म्हणाले, "जा, तुझ्या हाताने तोड." माझी करवत घेऊन तो तावातावाने गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. म्हणाला, "धारच नाही तुझ्या करवतीला." धार मी त्याच सकाळी लावली होती. आतून मला हसू फुटत होतं.

संध्याकाळी जाऊन पाहिलं. चकत्या लागून जिथे साल निघाली होती, तिथे काथ्याची दोरी गुंडाळलेली होती. गाठ आमच्या वडिलांनी शिकवलेली होती.

४. म्हणून हा उतार, टोपल्यांसह आणि त्या झाडासह, माझ्या धाकट्या भावाला. पोस्टमनना हयातभर तिथे फुकट खेळण्याचा आणि भावाला हरवण्याचा हक्क राहील.

सही करण्याआधी, मी सांगितला तसा वकीलबाईंनी हाताने वाढवलेला मजकूर: साक्षीदार म्हणून मी भावालाच बोलावलं होतं. वरचं काहीही त्याने वाचलेलं नव्हतं. तो सही करणार, तेवढ्यात वकीलबाईंनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. "तुम्ही नको. ज्याला काही मिळतंय त्याने साक्षीदार होऊ नये."

"मला काय मिळणार? पंक्चर ट्यूब?" असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर, उताराकडे बघत होते.

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "त्या झाडाची मुळं उघडी पडलीत, ताई. उद्या माती टाकतो."

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर (सही)
२. समोरचे चष्मेवाले, भावाच्या जागी घाईघाईने बोलावलेले (सही)

लिहून देणार: सायकलवाली (सही)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: आजचीच, आकड्यांत वकीलबाई लिहितील, माझे हात ग्रीसचे आहेत.